डबामा काय उनं?

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, होऊन चार दिवस झाले होते. संध्याकाळी घंटा वाजली म्हणून दार उघडले, तर समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात माझा स्टीलचा डबा होता. दिला त्याहून तो अधिक चकचकीत दिसत होता. झाकणाच्या कडेला वर्षानुवर्षे बसलेली काळसर रेघसुद्धा त्यांनी घासून काढली होती. चार दिवसांपूर्वी त्या डब्यातून मी त्यांना दोन पुरणपोळ्या दिल्या होत्या. पोळ्या कशा वाटल्या, असे मी माझ्या अडखळत्या जर्मनमध्ये विचारले, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले, "खाण्यासारख्या होत्या." मग त्यांनी आभार मानले, मान झुकवली आणि आपल्या दारामागे नाहीशा झाल्या. मी दार लावले आणि तिथेच, चपलांच्या मांडणीजवळ उभी राहून, झाकण उघडले. आत काही नव्हते. कोरडा पुसलेला तळ आणि भांडी घासायच्या साबणाचा लिंबासारखा वास. रात्री आईचा फोन आला. पोळ्या फाटल्या का, पुरण सैल झाले का, हे सगळे विचारून झाल्यावर तिने आमच्या अहिराणी बोलीत सहज विचारले, "डबामा काय उनं?" म्हणजे डब्यात काय आले, आणि मी श्वास घेण्याइतकाही वेळ न घालवता उत्तर दिले, "सफरचंदाचा केक."

हे मी का सांगितले, याचा उलगडा मला त्या रात्री झाला नाही.

खान्देशातल्या अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी आमचे गाव आहे. नदी म्हणायची ती पावसाळ्यापुरती. आखाजीपर्यंत तिच्यात वाळूच उरते. आमच्या गल्लीत धाब्याची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि लहानपणी मी सर्वांत जास्त केलेले काम म्हणजे या ओट्यावरून त्या ओट्यावर वाट्या, ताटल्या आणि डबे पोहोचवणे. एखाद्या घरी वांगी भाजली जात आणि भरिताचा वास गल्लीभर पसरे. अशा वेळी शेजारच्या घरात भरिताची वाटी गेली नाही, असे होत नसे. ती वाटी आमच्या घरून परत जाताना आई तिच्यात काहीतरी घालत असे. चार भुईमुगाच्या शेंगा, गुळाचा खडा, उन्हाळ्यात दोन कैऱ्या, आणि महिनाअखेरीस घरात काहीच नसले तर चिमूटभर साखर. मी एकदा घाईत वाटी तशीच देऊन आले, तर आईने मला हाताला धरून पुन्हा त्या घरी नेले आणि त्या काकूंच्या हातावर दोन हिरव्या मिरच्या ठेवायला लावल्या. "रिकामं भांडं कोनी देस का?" असे ती वाटभर पुटपुटत होती. रिकाम्या भांड्याचे आमच्याकडे तसेही वाकडे आहे. घराबाहेर पडताना भरलेली घागर समोर आली तर काम होते आणि रिकामी आली तर माणूस दोन पावले मागे येऊन पाणी पिऊन पुन्हा निघतो. आखाजीचा सगळा सोहळाच मुळी भरलेल्या घागरीचा. भर वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजायची, तिच्यावर खरबूज, आंबे आणि सांजोरी ठेवायची. पाण्याच्या भांड्यासाठी ज्यांनी मैलभर पायपीट केली, त्यांनाच असा सण सुचू शकतो.

एवढी भांडी गल्लीत फिरत असल्यामुळे प्रत्येक भांड्यावर नाव असे. अमळनेरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक पोरगा छोटे यंत्र घेऊन बसलेला असायचा. ते यंत्र भुंग्यासारखे गुणगुणत स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे कोरत जाई. माझ्या या डब्यावर आईचे माहेरचे नाव आहे, खाली 'मामाकडून सप्रेम भेट' आणि त्याखाली तिच्या लग्नाची तारीख. आईच्या लग्नात आलेली बहुतेक भांडी मोडीत गेली; हा डबा टिकला आणि माझ्या सामानात कपड्यांच्या घडीतून विमानाने आला. आमच्या गल्लीत एकाही दारावर नावाची पाटी नव्हती. घर शोधत आलेल्या माणसाला कोणीतरी सोबत घेऊन जाई. घराला नाव नाही आणि वाटीला मात्र आहे, यात काही विशेष आहे असे मला जर्मनीतल्या स्टुटगार्टला येईपर्यंत वाटलेही नव्हते.

तिथे नेमके उलटे निघाले. जानेवारी २०२२ मध्ये आम्ही ज्या इमारतीत राहायला आलो, तिच्या दाराशी आठ घंटा होत्या आणि प्रत्येक घंटेशेजारी एक आडनाव. बिऱ्हाडाला क्रमांक नाही, मजल्याचा उल्लेख नाही. पत्रावर रस्त्याचे नाव, इमारतीचा आकडा आणि माणसाचे आडनाव, एवढाच पत्ता. घरमालकाकडून सही घेऊन, नव्या घरात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत आपली नोंद करावी लागते, हे नवऱ्याला कामाच्या ठिकाणी सांगितले होते आणि ते आम्ही इमानेइतबारे केले. पत्रपेटीवर चिठ्ठी चिकटवायची मात्र राहिली. पंधरा दिवस एकही पत्र आले नाही. मग कळले की विम्याचे पत्र येऊन परत गेले होते. पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस इथे राहत नाही, असा पोस्टमनचा सरळ हिशोब. त्या संध्याकाळी नवऱ्याने कागदाच्या कपट्यावर आमची दोन आडनावे बारीक अक्षरांत लिहिली आणि पारदर्शक टेपने चिकटवली. ते अक्षर पाहून मला पोरक्यासारखे वाटले आणि थोडे हसूही आले. गावात मला ओळखणारी दोनशे माणसे होती आणि माझे नाव कुठेही लिहिलेले नव्हते; इथे ते दोन ठिकाणी लिहिले होते आणि हाक मारायला कोणी नव्हते.

पहिले दोन महिने मी बहुतेक जिन्याचे आवाज ऐकत काढले. स्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगट वाटीत वसले आहे. भर शहरात उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत आणि एका गल्लीतून दुसरीत जायला शेकडो दगडी पायऱ्या. मुंबईशी या शहराचे १९६८ पासून भगिनी शहराचे नाते आहे, असे मला कोणीतरी मोठ्या कौतुकाने सांगितले. पण अमळनेरच्या माणसाला मुंबईसुद्धा परकीच असते, हे त्यांना कसे सांगणार? थंडी होतीच, तिच्याबद्दल सगळेच बोलतात. मला जास्त जड गेले ते खिडक्यांचे. भाडेकरारातच लिहिले होते की दिवसातून काही वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरेल. बाहेर शून्याखाली तापमान असताना खिडक्या उघडून, अंगावर दोन स्वेटर चढवून दहा मिनिटे उभे राहायचे! आम्ही खान्देशातली माणसे. सकाळी नऊला दारे-खिडक्या लावून घरात अंधार करायचा आणि दिवस मावळल्यावरच त्या उघडायच्या, हे आमच्या हाडीमाशी भिनलेले. हवा ही आत घ्यायची वस्तू आहे की बाहेर ठेवायची, हे ऋतूने ठरवायचे असते. इथला ऋतू वेगळा आहे, हे डोक्याला पटत होते. हात मात्र प्रत्येक वेळी कडीपाशी थबकत.

समोरच्या आजींची ओळख जिन्यावरच झाली. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, ताठ, करड्या केसांच्या. भेटल्या की 'ग्र्यूस गॉट' म्हणायच्या; म्हणजे अक्षरशः देवाचे नाव घेऊन केलेला रामराम. माझ्याशी त्या सावकाश, शाळेतल्या बाईंसारखे जर्मन बोलत आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी बोलताना त्यांची भाषा एकदम मऊ होई, शब्दांची टोके गळून पडत, प्रत्येक वस्तूला 'ले' असे लाडाचे शेपूट लागे. ती त्यांची श्वेबिश बोली. मी ६०० तासांच्या भाषावर्गात शिकत होते त्यातले काहीच त्या संभाषणात सापडत नसे. पण तो बदल मी ओळखला. पाहुणा आला की घरात प्रमाण मराठी सुरू व्हायची आणि तो फाटकाबाहेर पडला की सगळे पुन्हा अहिराणीवर यायचे, हे मी जन्मभर पाहिले आहे. पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिले सहा महिने 'आहे'च्या जागी 'शे' तोंडातून निसटू नये म्हणून मी दोनदा विचार करून बोलत असे. इथल्या राज्य सरकारने मात्र १९९९ मध्ये आपल्या जाहिरातीचे घोषवाक्यच असे केले होते की, आम्हाला सगळे जमते, फक्त प्रमाण जर्मन बोलणे जमत नाही. हे ऐकून मला त्या राज्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आपल्या बोलीवर स्वतःच असे हसायला आधी ती बोलणाऱ्याच्या खिशात पैसा असावा लागतो, हेही मनात आल्यावाचून राहिले नाही.

या प्रांताची आणखी एक रीत आमच्या दाराच्या मुठीला लटकून आली. एका सोमवारी सकाळी दार उघडले तर मुठीला दोरीने एक लाकडी पाटी टांगलेली. 'केअरवोखे', म्हणजे झाडण्याचा आठवडा. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायची आणि पुसायची पाळी आमची. आठवडा संपला की पाटी समोरच्या दाराला लावायची. १४९२ मध्ये इथल्या एका सरदाराने शहराच्या कायद्यात प्रत्येकाने आठवड्याला आपल्या दारची घाण बाहेर न्यावी असे लिहिले, तिथपासून या रितीचा उगम सांगतात. मी जिना पुसत असताना आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथेही." मला राग आला. मग आठवले की सडा टाकताना सासूबाईही अगदी असेच बोट दाखवत. ती पाटी पुढे अडीच वर्षे त्यांच्या आणि आमच्या दारांमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. गल्लीतल्या वाट्यांसारखीच ती फिरत होती. तिच्यातून आठवड्याचे काम येई आणि आठवड्याचे काम परत जाई, एवढाच काय तो फरक. आम्ही गावी गेलो तेव्हा त्यांनी आमची पाळी केली आणि परत आल्यावर शांतपणे सांगितले की आता तुमचे तीन आठवडे बाकी आहेत.

आईला मी सांगितलेला सफरचंदाचा केक त्या सगळ्या काळात एकटा राहिला नाही. गणपतीत मोदक दिले, दिवाळीत शंकरपाळे आणि चकली दिली, संक्रांतीला तिळाच्या वड्या दिल्या. डबा दर वेळी तीन-चार दिवसांनी, न चुकता, घासूनपुसून, रिकामा परत आला. आणि दर वेळी रात्री आईने विचारले, डब्यात काय आले. मी बिस्किटे सांगितली, नाताळात मसाल्याचा केक सांगितला, एकदा तर चॉकलेट सांगून वर ते कडू होते अशी तक्रारही केली, म्हणजे खरे वाटावे. खोट्याला असे बारीकसारीक तपशील घालताना माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी असत. एक म्हणजे आईच्या नजरेत या देशाने उणे पडू नये. तिची मुलगी जिथे राहते तिथली माणसे चांगली असावीत. दुसरी गोष्ट कबूल करायला मला उशीर लागला. रिकाम्या डब्याचा अपमान आजींनी केला नव्हता, तो मला झाला होता. आणि तो आईला कळला असता तर खरा झाला असता.

'खाण्यासारख्या होत्या' याचा खुलासा वर्षभराने झाला. नवऱ्याचा एक सहकारी याच भागातला आहे. तो हसत म्हणाला, श्वेबिश म्हातारीने एखादा पदार्थ खाण्यासारखा आहे म्हटले तर याहून मोठी शाबासकी नसते. इथे म्हणच आहे की बोलणी खाल्ली नाहीत म्हणजे पुरेशी स्तुती झाली. त्या दिवशी मी वर्षभराची अढी थोडी सैल केली. पुरण तर चांगले होतेच. पोळ्या मात्र खापरावरच्या, म्हणजे मातीच्या उपड्या भांड्यावर भाजलेल्या, नव्हत्या. खापर आणले असते तरी इथल्या काचेच्या शेगडीवर ते ठेवता आले नसते. पीठही मी पुड्यांवरचे आकडे वाचून शोधले होते: ४०५, ५५०, १०५०, आकडा जितका लहान तितके पीठ पांढरे. खापरावरच्या मांड्याला, म्हणजे त्या मोठ्या पातळ पुरणपोळीला, हातावर कोपरापर्यंत ताणता येईल असे पीठ लागते. ४०५ जवळपास तसे निघाले, पण मांडे करणारे हात आईचे, माझे नव्हेत.

रविवारचेही सांगायला हवे, कारण त्याच्यात माझाही एक बंद डबा आहे. इथला रविवार म्हणजे दुकाने बंद, यंत्रे बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. हे नुसते शेजाऱ्यांचे नखरे नव्हेत. जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेने १९१९ च्या वायमार घटनेतले एक कलम तसेच्या तसे ठेवून घेतले आहे. रविवार हा कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, असे ते सांगते. आमचा सर्वांत गाजावाजाचा दिवसही रविवारच आहे. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी खान्देशाची देवी कानबाई बसते. रात्रभर गाणी, फुगड्या, सकाळी वाजतगाजत नदीवर. पहिल्या श्रावणात त्या रविवारी मी नैवेद्यापुरते रोट केले आणि गाणे अगदी ओठांतल्या ओठांत म्हटले. संध्याकाळी सवयीने डबा काढला, समोर द्यावा म्हणून. तेवढ्यात आईचा फोन. रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत, लक्षात आहे ना? होते. मी डबा पुन्हा फळीवर ठेवला. आमच्या घरातले एक ताट कुळाबाहेर जात नाही, ही रीत मला जन्मापासून ठाऊक आहे आणि तिच्यात कोणाचा अपमान आहे असे मला कधीही वाटले नाही. त्या रात्री पहिल्यांदा शंका आली की समोरच्या दारामागेही काही रिती असतील, ज्यांचा माझ्याशी काही संबंध नाही.

भाषावर्गात माझ्या शेजारी सीरियाहून आलेली एक बाई बसे. डब्याची गोष्ट मी फक्त तिला सांगितली. ती बाकावर हात मारून म्हणाली, आमच्याकडेही ताट रिकामे परत जात नाही! दोघी मिळून आम्ही दहा मिनिटे यजमान देशाची मनसोक्त निंदा केली. अशी निंदा परदेशातल्या माणसाला औषधासारखी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. मग तिने पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली आणि जाता जाता दुकानातल्या यंत्रात टाकली. यंत्राने २५ सेंटची चिठ्ठी दिली. इथे बाटली विकत घेताना तिची अनामत भरावी लागते आणि ती रिकामी परत केली की पैसे मिळतात. ज्यांना तेवढी तसदी घ्यायची नसते ते बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या बाजूला उभी करून ठेवतात, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला पेटीत हात घालावा लागत नाही. रिकाम्या भांड्याला इतका मान मी कुठे पाहिला नव्हता.

आणि मग बरणीचे प्रकरण घडले. जूनमध्ये आजींनी मला स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. घरी केलेला, वर हाताने लिहिलेली तारीख. म्हणजे त्या देत नव्हत्या असे नाही; डब्यातून देत नव्हत्या. मला इतका आनंद झाला की मुरंबा संपताच मी ती बरणी धुऊन तिच्यात लिंबाचे लोणचे भरले, हिंग-मोहरीची फोडणी घातलेले, आणि अभिमानाने त्यांच्या हातात दिले. त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली. चेहऱ्यावर एक प्रकारची हतबलता आली. पुढच्या आठवड्यात त्या पाटी घेऊन आल्या तेव्हा फार जपून, शब्द निवडून बोलल्या. लोणचे त्यांनी भाच्याला दिले, त्याला तिखट चालते. पण बरणी त्यांना रिकामी हवी होती. त्यांच्या तळघरात अशा साठ-सत्तर बरण्या आहेत; दर उन्हाळ्यात त्या मुरंबा करून वाटतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्या बरण्या परत येतात. न आल्या तर पुढचा मुरंबा कशात भरायचा? आणि आता त्या झाकणाचा हिंगाचा वास काही केल्या जात नाही. त्यांनी ते तीन दिवस बाल्कनीत ठेवून पाहिले होते.

मी माफी मागितली. दार लावून खूप वेळ हसले आणि मग हसू ओसरल्यावर काही वेळ तशीच बसून राहिले.

गावातल्या त्या भरल्या वाट्यांकडे मी आजवर निव्वळ माया म्हणून पाहत आले. पण आईला कोणाकडून किती आले आणि कोणाकडे किती गेले, हे तोंडपाठ असते. लग्नात आलेल्या आहेराची वही आमच्या घरी ट्रंकेत जपून ठेवलेली आहे आणि दुसऱ्याच्या घरचे लग्न निघाले की ती उघडली जाते. एका घराने माझ्या लग्नात पातळ दिले होते की नुसता ब्लाउजपीस, यावरून आईने दोन दिवस अबोला धरल्याचे मी पाहिले आहे. म्हणजे हिशोब आमच्याकडेही आहेच, आणि तो आजींच्या तीन आठवड्यांपेक्षा कितीतरी कडक. त्यांना हिशोब मिटवून टाकायचा असतो. डबा घासून दिला, आभार मानले, आता तुम्हीही मोकळ्या आणि मीही. आम्हाला तो मिटू द्यायचा नसतो. दोन मिरच्या घालून आपण तो पुढे ढकलतो. यातले बरे काय, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. अंगात ताप असताना दाराशी भरलेली वाटी यावी असे वाटते, आणि आहेराची वही निघाली की त्या मोकळेपणाचा हेवा वाटतो.

२०२४ ची आखाजी आम्ही गावी केली. १० मे, भर उन्हाची. रात्री गच्चीवर अंथरुणे घातली तरी गच्ची पहाटेपर्यंत तव्यासारखी. गल्ली बदलली आहे. निम्म्या घरांना स्लॅब आला, दारांवर ग्रॅनाइटच्या पाट्या आल्या, आणि शेजारून रस आला तो आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यातून. तो डबा परत करायचा का, असे मी विचारले, तर आई म्हणाली, "राहू दे, तो कोनी मांगत नही." एवढे बोलून ती जरा गप्प झाली. निघायच्या आदल्या दिवशी तिने पेटीतून एक पुडके काढले. त्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होते. पहाटे उठून, खाटेवर साडी पसरून तिने स्वतः वाळवलेले. माझ्यासाठीचे वेगळे बांधले होते. हे दुसरे होते. "हाई तुन्ही डोकरीले दे," ती म्हणाली. "दोन वरीस व्हई ग्यात, एकदाबी डबा रिकामा नही उना."

पुडके मी पिशवीच्या सर्वांत वर ठेवले, मोडू नयेत म्हणून. विमानात सगळी रात्र मला ते दिसत होते.

परत आल्यावर चार दिवस मी टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी बिबडे तळले, डब्यात उभे रचले आणि समोरची घंटा वाजवली. आजींनी एक बिबडा मोडला. त्याचा कडकड आवाज जिन्यात घुमला. हे काय, कशाचे, कसे करतात, हे झाल्यावर त्यांनी विचारले की तुमची आई मला का पाठवते, ती मला ओळखत नाही. उत्तर द्यायला सोपे होते, आमच्याकडे पद्धत आहे असे म्हटले असते तर त्यांनी मान डोलावली असती. पण जर्मनमध्ये खोटे बोलायला जेवढे व्याकरण लागते तेवढे माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी खरे सांगितले. वाटीत साखर घालतात इथपासून सुरुवात केली. डबा रिकामा आला, आईने विचारले, मी खोटे बोलले, आणि मग बोलतच राहिले. आजी दाराच्या चौकटीला टेकून, डबा दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या. डब्यावरच्या ठिपक्यांच्या अक्षरांवरून त्यांचा अंगठा फिरत होता. ते माझ्या आईचे नाव आहे, हे मी त्यांना पहिल्याच वेळी सांगितले होते.

"मी काय पाठवले होते?" त्यांनी विचारले.

"सफरचंदाचा केक. पहिल्या वेळी, मे महिन्यात."

त्यांच्या कपाळावर आठी चढली. रिकाम्या डब्याबद्दल त्यांना काही वाटले की नाही, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. सफरचंदाबद्दल मात्र वाटले. मे महिन्यात सफरचंद कुठून येणार, असे त्या म्हणाल्या. ती तर गेल्या हंगामातली, सुरकुतलेली. असल्या सफरचंदांचा केक मी कोणाच्या घरी पाठवीन, असे तुमच्या आईला वाटले तरी कसे? मे महिन्यात मी रुबार्बचा केक करते. २४ जूननंतर रुबार्ब तोडत नाहीत, तोपर्यंत फक्त रुबार्ब. हे तुम्ही त्यांना नीट सांगा.

मी सांगते म्हणाले.

डबा चार दिवसांनी परत आला. नेहमीसारखा घासलेला, कोरडा. मी दार लावून चपलांच्या मांडणीजवळ झाकण उघडून पाहिले. ती सवय काही जात नाही. रात्री आईचा फोन आला. बिबडे मोडले नाहीत ना, डोकरीला आवडले का, हे विचारून झाले आणि मग तो प्रश्न आला. मी तिला सांगितले की रुबार्बचा केक आला, आणि पहिल्या वर्षीही तोच होता, मला तेव्हा नाव कळले नव्हते.

"ते काय ऱ्हास?"

लाल देठ असतात, अंबाडीसारखे आंबट, असे मी म्हणाले.

पलीकडे आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "अंबाडीना केक? गोड लागस का?"

"लागतो," मी म्हणाले. मी तो अजून खाल्लेला नाही.